मॉन्स्टेराला पानवेल समजा

दर्यापूरजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. पुण्याला राहणाऱ्या मुलीने दीड वर्षापूर्वी मॉन्स्टेरा या मोठ्या, फाटक्या पानांच्या शोभेच्या वेलीची कुंडी आणून दिली. ती हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवली आहे. तेव्हापासून चार नवी पानं आली, पण एकालाही भोक नाही. रोज पाणी घालतात, तरी पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. शेजारी म्हणतात याला फळ येतं आणि ते अननसासारखं लागतं. जाऊबाई म्हणतात झाड विषारी आहे, घरात तीन वर्षांचा नातू आहे, टाकून द्या. खरं काय, आणि आपल्याकडे याला फळ येईल का?

ताई, शेजारी खरं सांगतात आणि जाऊबाईही. फळाचं म्हणाल तर येऊ शकतं, पण टीव्हीच्या बाजूला नाही, आणि लवकर तर मुळीच नाही. माझं बालपण अंजनगाव सुर्जीच्या बाजूला पानमळ्यात गेलं, पुढे मळा मोडला आणि मी रोपवाटिका टाकली. तिला आता बावीस वर्षं झाली. मॉन्स्टेराबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं रोपवाटिकेत कळलं आणि निम्मं त्या पानमळ्यातून आधीच येत होतं, फक्त ते लक्षात यायला वेळ लागला.

आधी कुंडीत नक्की काय आहे ते बघा. फाटक्या पानांच्या प्रत्येक झाडाला आपल्याकडे मॉन्स्टेरा म्हणून विकतात. खाण्याजोगं फळ देणारा तो मॉन्स्टेरा डेलिसिओसा. त्याचं पान मोठं झालं की कडेपासून आत चिरा जातात आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगळी लहान भोकंही पडतात. देठ जिथे पानाला मिळतो तिथे झालरीसारख्या चुण्या दिसतात. ज्याच्या फक्त चिरा आहेत, आत भोक नाही आणि जो वेलीसारखा न चढता जाड खोडावर पसरट वाढतो, तो फिलोडेंड्रॉनच्या घरातला. पातळ, लहान पानं आणि सगळी भोकं पानाच्या आतच, कडा अखंड, तो मॉन्स्टेरा अडानसोनी. हे दोन्ही दिसायला छान, पण त्यांना काही फळासारखं धरलं तरी तोंडात घालू नका. तुमच्याकडची पानं अजून अखंड आहेत म्हणून ओळख पटवायला देठाच्या चुण्याच बघाव्या लागतील, आणि कोवळ्या रोपात त्याही नीट दिसत नाहीत. मुलीला विचारा, पुण्याच्या रोपवाटिकेत मोठ्या झाडाची काडी होती की काय ते तिला आठवत असेल.

डेलिसिओसा म्हणजे चविष्ट. लिबमन नावाच्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1849 साली या झाडाचं वर्णन केलं तेव्हा हे नाव दिलं, आणि ते फळाकडे बघूनच. मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडची दमट जंगलं. म्हणजे शोभेची कुंडी म्हणून जे आपल्याकडे आलं, त्याच्या नावातच फळाची चव बसलेली आहे.

आता जाऊबाईंचं म्हणणं. हे झाड आपल्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, आणि सुरणाच्या कुळातलं. धोप्याची वडी नीट शिजली नाही, चिंच कमी पडली, तर घशाला कसं खाजवतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या खाजेचं कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि तेच मॉन्स्टेराच्या पानात, देठात, मुळात, कच्च्या फळात आहेत. लेकराने पान चावलं तर तोंड पोळल्यासारखं होतं, ओठ आणि जीभ सुजते, लाळ गळते. बहुतेक वेळा पहिल्याच चाव्याला ते थुंकून रडायला लागतं, त्यामुळे पोटात फारसं जात नाही. तरी तोंड लगेच पाण्याने धुवायचं, थंड दूध किंवा पाणी घोट घोट द्यायचं, आणि घसा सुजलेला वाटला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास दिसला तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. काडी कापताना निघणारा चीक हाताला लागला तर काहींना खाज सुटते. मी हातमोजे घालतो, आणि डोळ्याला हात लावत नाही. शेळ्या अंगणात मोकळ्या असतील तर त्यांच्यापासूनही दूर ठेवा. आणि हो, धोप्यासारखी चिंच घालून याची भाजी करून बघू असं कुणाच्या डोक्यात येतंच. एका गिऱ्हाईकाने मला हे गंभीरपणे विचारलं होतं. करू नका.

म्हणून झाड टाकायची गरज नाही, पण तीन वर्षांच्या लेकराच्या हाताला येईल अशा जागी ते नको. त्याची जागा तशीही बदलायचीच आहे.

पानांच्या कडा का वाळतात, यावर मला तुमच्या गावाचं नाव वाचल्याबरोबर संशय आला. तुम्ही खारपाणपट्ट्यातल्या. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा पट्टा, जिथे विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यावर कपाशी, तूर कशी बशी निभावते, पण मेक्सिकोच्या पावसाळी जंगलातली वेल निभावत नाही. कुंडीतून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि रोज पाणी घातलं की रोज थोडे साचतात. मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पानाचं टोक, कड, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोहोचतं, ती आधी जळते. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर बसलाय का बघा. असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

यात आणखी दोन चुका जवळजवळ प्रत्येक घरात होतात. एक, आरओच्या मशीनमधून जे वाया पाणी बाहेर येतं ते 'वाया कशाला घालवायचं' म्हणून झाडांना घालतात. ते मूळ पाण्यापेक्षा जास्त खारट असतं. गाळलेल्या पाण्यातले क्षार त्यातच आलेले असतात. दुसरी, कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी. कुलर दिवसभर पाणी उडवतो, क्षार टाकीतच राहतात, संध्याकाळी तळाशी जे उरतं ते जवळजवळ मिठवणी. ही दोन्ही पाणी अंगण मारायला वापरा. मॉन्स्टेराला पावसाचं साठवलेलं पाणी, धरणावरून नळाला येणारं गोडं पाणी, नाहीतर आरओचं पिण्याचं पाणी. पावसाळा लागला की कुंडी पागोळ्यांखाली दोन-तीन दिवस ठेवा, खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, साचलेले क्षार धुतले जातील. जळलेली कड परत हिरवी होत नाही, पण नंतर येणारं पान सांगेल.

रोज पाणी घालता, तेही थांबवा. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नाही. कुंडीत आपली काळी भारी माती भरली असेल तर ती बदलावीच लागेल. काळी माती पावसाळ्यात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. मी चांगलं कुजलेलं शेणखत, नारळाचा भुसा, विटेचे बारीक तुकडे आणि थोडा कोळशाचा चुरा असं मिसळतो, मातीचा वाटा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. या वेलीला मुळाशी हवा लागते. तिची मुळं जंगलात झाडाच्या सालीला आणि कुजलेल्या पाल्याला धरून वाढलेली असतात, ढेकळात नाही.

आता भोकं. कोवळ्या मॉन्स्टेराचं पान बदामाच्या आकाराचं, अखंड असतं आणि तो काही रोग नाही. वेल वयात आली, उजेड मिळाला आणि चढायला आधार मिळाला की पानं मोठी होतात आणि फाटतात. यातलं 'आधार' हे कुणी ऐकून घेत नाही. मॉन्स्टेराच्या जातीच्या वेली जंगलात जमिनीवर रुजल्या की सुरुवातीला उजेडाकडे जात नाहीत, उलट काळोखाकडे सरकतात, कारण तिथली सगळ्यात गडद सावली म्हणजे एखादं मोठं खोड. खोड सापडलं की त्याला पारंब्यांनी धरून वर चढायचं आणि मग उजेडाला पान पसरायचं. भोकं कशासाठी यावर शास्त्रज्ञांचे वेगवेगळे तर्क आहेत. मला पटणारा तर्क असा की दाट जंगलात ऊन कवडशांनी येतं, आणि तेवढ्याच मालमसाल्यात पान जास्त जागेवर पसरलं तर एखादा तरी कवडसा नक्की त्याच्यावर पडतो. ते काही असो, तुमची वेल हॉलमध्ये अजून आपलं खोड शोधते आहे. तिला वाटतं आपण जमिनीवरच आहोत. टीव्हीच्या उजेडाने तिचं काही होत नाही.

हे सगळं मला पानमळ्यात आधीच दिसलेलं होतं असं मी म्हणालो, ते यामुळे. विड्याचं पान हीसुद्धा दमट रानातली वेल. तिला अमरावती जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, 45 अंशाच्या वर पारा जातो तिथे, आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवलं. कसं? आधी शेवरी, हादगा, पांगारा लावायचा. त्याची सावली झाली की त्याच्या बुडाशी वेल. चारी बाजूंनी वारा अडवायला दाट कुंपण. पाणी थोडं थोडं पण वेळेवर, आणि पाणी गोडं, म्हणून हे मळे सातपुड्याच्या पायथ्याला, तुमच्या खारपाणपट्ट्यात नाहीत. मे महिन्यात बाहेर झळा लागत असताना मळ्यात शिरलं की अंगावरून ओला पदर फिरवल्यासारखं वाटायचं. आत वेगळं हवामान तयार केलेलं असायचं, तेही कुठलं यंत्र न लावता. पानपिंपरीचं, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलीचंही तसंच. पानवेल शेंड्याला पोहोचली की दरवर्षी ती उतरवायची, खालचा भाग गुंडाळून मातीत दाबायचा, नवीन मुळं फुटायची.

मॉन्स्टेराला याच्यापेक्षा वेगळं काही लागत नाही. त्याला 20 ते 30 अंशांत बरं वाटतं. म्हणजे आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हा त्याचा खरा हंगाम, आणि मार्च ते मे नुसतं जीव धरून राहायचं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ते नवीन पान काढत नाही म्हणून खत देणारे लोक असतात; तेव्हा खत म्हणजे मुळांना चटका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला तरी ते थिजतं, पण मरत नाही.

माझी स्वतःची वेल 2009 च्या पावसाळ्यात लावलेली. कोकणातून आणलेली तीन पेरांची काडी होती. पहिली दोन वर्षं मी तिला रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली कुंडीत ठेवलं आणि ती तशीच्या तशी राहिली. मग कंटाळून न्हाणीच्या मागे जुन्या आंब्याच्या बुडाशी, उत्तरेच्या बाजूने, जमिनीत लावून टाकली. तिथे पडवीची भिंत पश्चिमेचं ऊन अडवते आणि पाट जातो म्हणून ओल असते. दोन वर्षांत तिने आंब्याच्या खोडाला असं कवटाळलं की साल दिसेना. पानं हाताच्या कवेत मावेनाशी झाली. गावातली पोरं त्या पानांखाली पावसात उभी राहायची.

आंबाच का, तर तो उन्हाळ्यात पान झडून उघडा पडत नाही. सागावर किंवा पळसावर चढवलेली वेल मी बघितली आहे; पावसाळाभर मजेत, आणि मार्चमध्ये वरचं छप्पर गेल्यावर आठवडाभरात पापड. चिंच चालते, सालही खरखरीत असते. संत्र्यावर मात्र चढवू नका. बुडाशी सतत ओल ठेवणं संत्र्याला मानवत नाही, डिंक्या रोग येतो, आणि एका वेलीपायी चालतं झाड घालवायचं नसतं.

पहिलं फूल 2015 ला आलं. फूल म्हणजे धोप्याला, सुरणाला येतं त्याच घडणीचं, मलईसारख्या रंगाचं जाड पान गुंडाळल्यासारखं आणि आत एक दांडा. काही दिवसांत ते वरचं पान वाळून गळालं आणि दांडा तसाच उभा राहिला, हिरवा, षटकोनी खवल्यांनी मढवलेला. आमच्या मजुरांपैकी एक बाई म्हणाली, "हे काय हाय बाप्पा, झाडाले कणीस लागलं का?" दिसतं तसंच, न सोललेल्या मोठ्या कणसासारखं, वीतभर लांब. मी महिन्याभरात पिकेल म्हणून रोज जाऊन बघायचो. ते पिकत नाही! त्याला फुलापासून वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. पुढच्या वर्षीचं फूल येतं तेव्हा मागचं कणीस शेजारी लटकलेलं असतं.

आठव्या महिन्यात माझा धीर सुटला. मी ते तोडलं, चाकूने खवले सोलले आणि एक फोड तोंडात टाकली. पहिल्या क्षणाला आंबूस-गोड लागलं, आणि मग जिभेत कुणी कुसळं भरल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत नीट बोलता येत नव्हतं. आई तेव्हा होती. तिने एवढंच म्हटलं, "एवढी घाई कायले करतं रे? कच्चा धोपा खाते का कोणी?"

तेव्हापासूनची पद्धत सांगतो. कणसाच्या देठाकडचे खवले जरा फुगतात, त्यांच्यामध्ये बारीक फट दिसायला लागते, हिरवा रंग फिकट होतो. तेव्हा देठासकट तोडायचं, आधी नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून पेल्यात देठ खाली करून उभं ठेवायचं, किंवा आंब्याची माच (अढी) लावता तशा तांदळात, गव्हात ठेवलं तरी चालतं. दोन-तीन दिवसांत देठाकडचे खवले आपोआप सुटून पडायला लागतात. हे फळ एकदम पिकत नाही, देठाकडून टोकाकडे रोज बोट-दोन बोटं पिकत जातं. जेवढे खवले स्वतःहून गळाले तेवढाच भाग त्या दिवशी खायचा. नखाने, चाकूने एकही खवला काढायचा नाही, हात लावल्यावर जो पडत नाही त्याच्याखालचा गर अजून सुयांनी भरलेला आहे. आतला गर पांढरट, मधल्या दांड्याभोवती दाण्यासारखा लागलेला. त्यावर काळसर बारीक कण दिसतात, ते झटकून टाकायचे, तेही टोचतात. दांडा फेकून द्यायचा. चव म्हणाल तर अननस आणि केळ एकत्र कुस्करल्यासारखी, आणि वास एवढा की घरात शिरणारा विचारतोच. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-चार दाणेच खाऊन थांबायचं, नीट पिकलेलं फळही काहींना घशाला लागतं. नातवाला मी देणार नाही. त्याला वाट बघता येत नाही आणि तोंडात काय होतंय ते सांगताही येत नाही.

मग मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं, भाऊ, एकरभर लावलं तर? नाही. पहिल्या फुलाला पाच-सहा वर्षं, एका फळाला वर्ष, ते पिकतं तुकड्या-तुकड्याने, आणि गिऱ्हाईक घाईत खवले सोलून खाणार व तुमच्या नावाने ओरडणार. बाजारात हे कुणी मागत नाही. वेलीचंच फळ हवं असेल तर कृष्णफळ (पॅशन फ्रूट) लावा, ते लवकर येतं आणि त्याचं सरबत लेकरंही पितात. पांढऱ्या पट्ट्यांचा महागडा मॉन्स्टेरा विचारायला येणाऱ्यांनाही मी परत पाठवतो. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, आपल्या एप्रिलमध्ये तो आधी करपतो.

तुमच्यापुरतं आता काय करायचं. तुमच्या अंगणात जमीन असली तरी ती खारपाणपट्ट्यातली, जमिनीत लावायचा सल्ला मी देणार नाही. मोठी कुंडी किंवा अर्धा कापलेला पिंप घ्या, तळाला भोकं पाडा आणि वर सांगितलेलं मिश्रण भरा. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला पडवी असेल तिथे ठेवा, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको. मधोमध एक जाड सागाची बल्ली किंवा बांबू रोवा, त्याला बारदान्याच्या चार घड्या गुंडाळून सुतळीने घट्ट शिवा. हेच तिचं खोड. वेल केळीच्या सोपाने किंवा जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधा, तार नको. बारदाना उन्हाळ्यात दिवसातून दोनदा ओला करा, गोड्या पाण्याने. ज्या पारंब्या लोंबतात त्या कापू नका, बारदान्याकडे वळवा, आणि लांबलेल्या असतील तर शेजारी पाण्याचा छोटा माठ ठेवून त्यात सोडा. पानांवर धूळ बसते, दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. मे महिन्यात पडवीला बाहेरून ओली चटई किंवा जुन्या गोधड्या टांगा, पानमळ्याच्या कुंपणासारख्या. कुलरच्या खोलीत आणायची झाली तर झोतासमोर नको, कोपऱ्यात.

जागा बदलणं आत्ताच करा, पण कुंडी बदलणं मृगाचा पाऊस पडल्यावर. त्याच वेळी शेंडा फार लांबला असेल तर एक पारंबी असलेलं पेर घेऊन कापा, चीक सुकू द्या आणि वेगळ्या कुंडीत लावा; एक गेलं तर दुसरं राहील. वेल बल्लीच्या वर गेली की पानमळ्यासारखी उतरवायची. सगळं जमलं तर दिवाळीपर्यंत एक-दोन नवी पानं यावीत आणि पुढच्या पावसाळ्यात पहिली चीर दिसावी. पिंपातल्या वेलीला फळ धरेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगत नाही. माझ्याकडे जमिनीतलीच धरली. पण तिकडून कधी अंजनगावला येणं झालं तर आंब्यावरची बघून जा, सध्या तिला तीन कणसं आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्याच्या देठाशी मागच्या आठवड्यापासून फट दिसायला लागली आहे.